‘अपडेट नंतर करू’ या वाक्याला आमचा आक्षेप

संगणक नव्याने बसवून देणारा माणूस एक वाक्य हमखास उच्चारतो : ‘आत्ता नुसती सिस्टीम टाकून देतो, अपडेट नंतर करून घ्या.’ बेळगाव असो, निपाणी असो, मडगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा हैदराबाद असो, वाक्य तेच. ऐकणाराही मान डोलावतो, कारण त्याला यंत्र संध्याकाळपर्यंत घरी न्यायचे असते. हे वाक्य वरवर निरुपद्रवी दिसत असले, तरी त्यापायी दोन गोष्टींवर पाणी सोडावे लागते, असे आमचे म्हणणे आहे. एक म्हणजे संगणकाची सुरक्षितता आणि दुसरी म्हणजे आपली भाषा. पहिलीची झळ सर्वांनाच लागते. दुसरीची झळ मात्र महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला अधिक लागते, कारण त्याच्या गावी त्याच्या भाषेची आठवण करून देणारे सरकारी कार्यालय नसते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम बसवतानाच अपडेट घेणे ही हौसेची बाब नसून हक्काने मागण्याची बाब आहे, ही भूमिका आम्ही येथे मांडत आहोत.

विषय आजच निकडीचा का, तेही सांगितले पाहिजे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. आपल्या शाळा, वाचनालये, पतसंस्था आणि वकिलांची कार्यालये यांतील पुष्कळ यंत्रे या कसोटीला उतरत नाहीत. त्यामुळे काही ठिकाणी नवी यंत्रे येत आहेत, तर काही ठिकाणी जुन्याच यंत्रांवर उबंटू, डेबियन यांसारख्या लिनक्स प्रणाली बसवल्या जात आहेत. म्हणजे ‘नंतर करू’ हे वाक्य येत्या काळात आपल्या गावोगावी पुन्हा पुन्हा ऐकू येणार आहे.

प्रथम तत्त्वाचा मुद्दा पाहू. पेनड्राइव्हवर वा डीव्हीडीवर ऑपरेटिंग सिस्टीमची जी प्रत असते, ती एका विशिष्ट दिवशी गोठवलेली असते. त्या दिवसानंतर सापडलेले दोष आणि त्यांवरच्या दुरुस्त्या तिच्यात असू शकत नाहीत. संस्कृत व्याकरणात ‘अनद्यतन’ नावाचा एक भूतकाळ आहे. जे आजचे नाही, आजच्या आधी घडून गेले, ते अनद्यतन. बसवणीची प्रत ही नेहमीच अनद्यतन असते. तिला ‘अद्ययावत’, म्हणजे आजपर्यंत आणून सोडणे, हे जोवर झालेले नाही तोवर बसवणी पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.

आमच्या व्यवसायातील उदाहरण देतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतर घडलेल्या गुन्ह्यासाठी एखादा वकील भारतीय दंड संहितेचे जुने पुस्तक घेऊन न्यायालयात उभा राहिला आणि ‘दुरुस्त्या नंतर वाचीन’ म्हणाला, तर न्यायाधीश काय म्हणतील? कायद्याचे पुस्तक दुरुस्त्यांसह वाचायचे असते. दुरुस्ती ही कायद्याची पुरवणी नसते, ती स्वतःच कायदा असते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. अपडेट ही सिस्टीमला वरून चिकटवलेली शोभा नसून सिस्टीमचा आजचा पाठ आहे.

हा युक्तिवाद केवळ तात्त्विक नाही. २००३ साली विंडोज एक्सपी बसवणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली आहे. एका गंभीर दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी प्रसिद्ध केली. त्याच दोषाचा फायदा घेणारा ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म ११ ऑगस्टला पसरू लागला. ज्याने जुन्या सीडीवरून एक्सपी बसवली, त्याला ती दुरुस्ती आणण्यासाठी इंटरनेट जोडावेच लागे, आणि इंटरनेट जोडताच दुरुस्ती उतरून येण्याआधी वर्म आत शिरत असे. औषध आणायला घराबाहेर पडावे आणि दारातच साथीने गाठावे, असा तो प्रकार होता. एक्सपीच्या ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. जाणकार लोक तर दुरुस्त्या मूळ प्रतीतच मिसळून नवी सीडी तयार करू लागले. ‘आधी बसवा, मग दुरुस्त करा’ हा क्रम चुकीचा आहे, हे जगाने तेव्हाच मान्य केले होते.

पुढे २०१७ साली ‘वॉनाक्राय’ने तोच धडा पुन्हा दिला. त्या दोषावरची दुरुस्ती १४ मार्च रोजी उपलब्ध झाली होती आणि हल्ला १२ मे रोजी झाला. मधले जवळजवळ दोन महिने ‘नंतर’ या शब्दाने खाल्ले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आजच्या प्रणाली एक्सपीइतक्या उघड्या नसतात, हे खरे आहे. परंतु त्या सुरक्षित राहतात त्या अपडेटच्या बळावर, जुन्या प्रतीच्या बळावर नव्हे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. तो म्हणतो, अपडेटही बिघडतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. विमाने खोळंबली, कार्यालये थांबली. हे आम्ही नाकारत नाही. पण मग प्रश्न असा की, बिघडायचेच असेल तर यंत्र केव्हा बिघडलेले परवडेल? बसवणीच्या वेळी डिस्क कोरी असते. तीत पक्षकारांची कागदपत्रे नसतात, पतसंस्थेची खाती नसतात, मुलांचे निकाल नसतात. काही चुकले तर तासाभराने पुन्हा बसवता येते आणि बसवणारा तंत्रज्ञ समोरच असतो. तेच अपडेट सहा महिन्यांनी, डिस्क भरलेली असताना आणि तंत्रज्ञ पंचवीस मैलांवर असताना घेतले, तर धोका वाढतो. म्हणजे अपडेट बिघडण्याची भीती हाच मुळी ते बसवणीच्या वेळी घेण्याच्या बाजूचा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि डेटाचा. खेड्यात इंटरनेट मंद असते, हे सत्य आहे. परंतु त्यावर उपाय आहे. ताजी प्रत आणावी. उबंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांच्या सुधारित प्रती ठरावीक काळाने निघतात आणि डेबियनही अशा प्रती काढते. त्यांत तोवरच्या दुरुस्त्या आधीच मिसळलेल्या असतात, त्यामुळे उतरवायचे उरते ते थोडेच. तीन वर्षे ड्रॉवरमध्ये पडलेला पेनड्राइव्ह वापरायचा आणि मग ‘अपडेटला फार वेळ लागतो’ म्हणून तक्रार करायची, हा न्याय नव्हे.

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषकाला लागू पडेल. आता आपल्या भाषेकडे वळू, कारण आमचा खरा आक्षेप तेथे आहे.

मराठी ही संगणकात बहुधा अपडेटच्या वाटेने येते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची प्रत घ्यायला गेल्यास भाषांच्या यादीत एस्टोनियन आहे, लाटव्हियन आहे, स्लोव्हेनियन आहे. एकही भारतीय भाषा नाही. एस्टोनियाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मातृभाषा म्हणून मराठी नोंदवणारे ८ कोटी ३० लाख आहेत. तरी मराठीसाठी जो संच मिळतो, तो पूर्ण भाषा-संच नसून दुसऱ्या भाषेच्या पाठीवर बसणारा अर्धा संच आहे. खाली इंग्रजी असली पाहिजे, तिच्यावर मराठी चढवायची, आणि जो भाग भाषांतरित नसेल तो इंग्रजीतच दिसत राहणार. हा संच इंटरनेटवरून वेगळा उतरवून घ्यावा लागतो. शिवाय जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीकडे जाताना पूर्वी घेतलेला भाषा-संच टिकवून धरण्याचे कामही बसवणीच्या वेळच्या अपडेटचीच सोय करते. तंत्रज्ञाने तेथे ‘आत्ता नको’ निवडले की कोणती भाषा गळून पडण्याचा धोका असतो, हे वेगळे सांगायला नको.

मुक्त प्रणालींचे वर्तन अधिक उदार आहे. डेबियनच्या चित्ररूप बसवणीत मराठी निवडता येते आणि नेटवर्क जोडलेले असेल तर सुरक्षा-अपडेट बसवणीतच घेतली जातात. ऑक्टोबर २०१० मधील उबंटू १०.१० पासून बसवणीच्या पडद्यावर ‘बसवताना अपडेट उतरवून घ्या’ अशी चौकट आली. पण त्याच बसवणीत पुढे भाषा-संच उतरत असताना एक ‘वगळा’ असे बटण अनेक वर्षे दिसत असे. घाईतला तंत्रज्ञ ते बटण दाबी. त्याच्या दृष्टीने तो पाच मिनिटे वाचवत होता. प्रत्यक्षात तो त्या यंत्रातून एक भाषा वगळत होता, आणि यंत्राच्या मालकाला याचा पत्ताही नसे.

अक्षरांचीही हीच कथा आहे. आम्ही आमच्या नावामागे ‘ॲड.’ लिहितो. त्यातील ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आले ते २००८ साली. २००१ च्या एक्सपीला ते ठाऊक असणे शक्यच नव्हते, तिथे त्या जागी रिकामी चौकट दिसे. रुपयाचे ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये मंजूर झाले. विंडोज ७ त्याच्या आधी, ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आली होती. तिच्यात ₹ आले ते पुढे स्वतंत्र अपडेटने. ज्याने विंडोज ७ ची डीव्हीडी लावली आणि अपडेट ‘नंतर’वर टाकले, त्याच्या संगणकात देशाच्या चलनाचे चिन्हच नव्हते. लिपी गोठलेली नसते. तिच्यात भर पडत असते आणि ती भर यंत्रापर्यंत पोहोचण्याचा मार्ग अपडेट हाच असतो.

येथे कोणी म्हणेल, ‘एवढे कशाला? हिंदी टाकली की देवनागरी आलीच.’ ग्वाल्हेर आणि इंदूरच्या वाचकांना हा युक्तिवाद परिचित असेल. आम्हांला तो मुळीच मान्य नाही. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमात तो ‘ल’च्या लगेच नंतर आहे. सभासदांची यादी मराठी अनुक्रमाने लावायची तर यंत्राला मराठीचे नियम माहीत असावे लागतात. काही फॉन्ट मजकूर मराठी आहे असे कळल्यावरच ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे दाखवतात. हिंदी शब्दतपासनीस तर शुद्ध मराठी वाक्याखाली तांबड्या रेघा ओढून ठेवतो. मुलाने रोज आपली भाषा तांबड्या रेघेखाली पाहिली, तर ती चुकीची आहे असेच त्याच्या मनावर ठसेल. लिपी एक असली तरी भाषा एक होत नाही, हे आपण माणसांना पुष्कळ वर्षे सांगत आलो. आता यंत्रांनाही सांगण्याची वेळ आली आहे.

सीमेलगतच्या एका वाचनालयात देणगीतून आलेले संगणक आम्ही पाहिले. जुन्या प्रतीवरून, इंटरनेटशिवाय बसवलेले. ‘मराठी नंतर टाकून देऊ’ असे आश्वासन होते. दोन वर्षे उलटली होती. ग्रंथपालबाई पुस्तकांची यादी इंग्रजी लिपीत करत होत्या, ‘ळ’ला कधी ‘एल’ तर कधी ‘डी’ लिहीत. त्यांना दोष देता येणार नाही. ज्या कपाटात वीस हजार मराठी पुस्तके आहेत, त्याची यादी मराठीत नाही, याला कारण कोणाचा द्वेष नव्हे. कारण ‘नंतर’ हा एक शब्द आहे. न्यायालयात अंतरिम आदेश काही दिवसांसाठी म्हणून निघतो आणि वर्षानुवर्षे चालू राहतो. यंत्रातली इंग्रजीही अशीच अंतरिम म्हणून येते आणि कायम होते.

आता कायद्याचा मुद्दा. बसवणीच्या वेळी यंत्र आपल्याला केवळ तांत्रिक प्रश्न विचारत नाही. ते करार पुढे करते आणि संमती मागते : आपले ठिकाण कळू द्यावे का, यंत्राच्या वापराची माहिती कंपनीकडे पाठवावी का, जाहिरातींसाठी ओळख-क्रमांक वापरावा का. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३ नुसार दोन व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा संमती होते. जी भाषा वाचता येत नाही त्या भाषेतील प्रश्नाला ‘होय’ म्हणणे यात ‘एकाच अर्थाने’ काय उरते, याचा विचार व्हावा.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यापुढे जातो. त्याच्या कलम ६ मध्ये संमतीची मागणी स्पष्ट व सोप्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय नागरिकाला असावा, असे म्हटले आहे. या कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. यातून निघणारा निष्कर्ष आम्हांला अटळ वाटतो. संमती बसवणीच्या वेळी मागितली जात असेल, तर भाषाही बसवणीच्या वेळीच हजर असली पाहिजे. संमती आज घ्यायची आणि ज्या भाषेत ती समजेल ती भाषा मागाहून उतरवायची, हा क्रम कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. आधी नेटवर्क, मग भाषा, मग अपडेट आणि शेवटी संमती, हाच योग्य क्रम होय.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांनी यातील एक बारकावा नीट पाहावा. आठवी अनुसूची राज्याला चिकटलेली नाही. मराठीतून संमती मागितली जाण्याचा पर्याय पुण्याच्या माणसाला जितका, तितकाच खानापूरच्या, बिदरच्या वा बडोद्याच्या माणसाला आहे. घटनेचे कलम २९ भारताच्या कोणत्याही भागात राहणाऱ्या नागरिकांच्या गटाला आपली भाषा जतन करण्याचा हक्क देते. राज्याच्या सरहद्दीपाशी हा हक्क संपत नाही. तो माणसाबरोबर प्रवास करतो. त्याच न्यायाने आमचा कन्नड, कोंकणी, गुजराती वा तेलुगू शेजारीही आपल्या भाषेसाठी हेच मागू शकतो आणि त्याने ते मागावे. या लढ्यात तो आमचा प्रतिवादी नाही, सहवादी आहे.

भाषांतर करणाऱ्यांकडेही आमची तक्रार आहे. ‘अद्यतनित करा’, ‘प्रतिष्ठापित करा’ असे शब्द पडद्यावर आले की मराठी माणूस घाबरून इंग्रजीकडे परततो. प्रतिष्ठापना मूर्तीची होते. संगणकात सिस्टीम ‘बसवतात’. नकाशा, यादी, उतारा हे ‘अद्ययावत’ करतात, हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कचेऱ्यांत रुळला आहे. ‘बसवताना अद्ययावत करा’ असे लिहिले तर आमच्या गावचा शेतकरीही ती चौकट समजून घेईल. आणि ‘अपडेट’ लिहिले तरी आमची हरकत नाही. न समजणाऱ्या मराठीपेक्षा समजणारा उसना शब्द बरा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आम्हांलाही झाला. पण अभिजात भाषेला संगणकाच्या पहिल्या पडद्यावर जागा नसावी आणि तिने मागच्या दाराने, सवड झाली तर, अपडेटच्या पोतडीतून यावे, हे त्या दर्जाला शोभणारे नाही.

तेव्हा मागण्या आणि कर्तव्ये दोन्ही सांगतो. मागणी अशी की, सरकारी पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाच्या निविदेत ‘बसवणीच्या वेळी सर्व अपडेट व मागितलेली आठव्या अनुसूचीतील भाषा’ ही अट असावी. भाषिक अल्पसंख्याकांच्या संस्थांनी ही मागणी लेखी करावी. घटनेच्या कलम ३५० ब नुसार नेमलेल्या विशेष अधिकाऱ्यांकडेही ती पाठवावी.

कर्तव्य असे की, दुकानात यंत्र देताना पावतीवरच लिहून घ्यावे : ताजी प्रत, अपडेटसह, मराठीसह. बसवताना केबल किंवा मोबाइलचे हॉटस्पॉट जोडले आहे ना, ते पाहावे. अपडेटच्या चौकटीत खूण करायला सांगावे, ‘वगळा’ दाबू देऊ नये. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी त्यावर चार गोष्टी उमटतात का ते तपासावे : ‘ॲ’, ‘₹’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. शेवटच्या दोन शब्दांतला फरक यंत्राला दाखवता आला, तर ते मराठीसाठी सिद्ध झाले असे म्हणण्यास सुरुवात करता येईल. नाही दाखवता आला, तर पैसे देऊ नयेत. दुकानदार म्हणेल, ‘ते नंतर होईल.’ त्याला शांतपणे सांगावे, ‘मग पैसेही नंतर देऊ.’